झाकण डीचं, सूर सीचे

मी एक माउथ ऑर्गन बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय. स्वस्थ बसणं आमच्या जातीला जमत नाही. गिटार भिंतीला टेकून दिवसचे दिवस उभी राहते. पियानोवर लोक फुलदाण्या ठेवतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. आमचं तसं नाही. आमच्या पोटात वीस पितळी पात्या असतात. प्रत्येक पाती एका टोकाला पक्की बांधलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. अर्धं बांधलेलं आणि अर्धं मोकळं असलं की कुणाला चैन पडेल? खिडकीतून जराशी झुळूक आली तरी आम्हाला वाटतं, आता कुणीतरी फुंकणार.

माझी पट्टी सी. पट्टी म्हणजे गाणं कुठल्या उंचीवर गायचं ते. गाणाऱ्याला ती बदलता येते, गिटारवाल्यालाही येते. आमच्यासारख्या दहा भोकांच्या छोट्या बाज्याला मात्र जन्मताना जी पट्टी मिळते तीच शेवटपर्यंत. म्हणून वाजवणाऱ्या माणसाला पाच-सहा बाजे बाळगावे लागतात आणि गाणं बघून त्यांतला एक उचलावा लागतो. उचलला तो ओठाला लागतो, बाकीचे पेटीत पडून चुळबुळ करतात.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक बाई दिवसभर कानस घेऊन बसायच्या. पाती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बाई घासायच्या, कान लावायच्या, मान हलवायच्या, पुन्हा घासायच्या. माझी सातव्या भोकातली एक पाती त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. ‘‘हा जरा उतावळा आहे,’’ त्या शेजारणीला म्हणाल्या. ‘‘फुंकायच्या आधीच बोलतो.’’

मग वरखाली दोन चकचकीत झाकणं आली, चार बारीक स्क्रू आले, आणि झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात माझं अक्षर ठोकलं गेलं. सी. मला माझं नाव फार आवडलं. एकच अक्षर, पण माझं.

दुकानाच्या काचेच्या कपाटात आम्ही सगळ्या पट्ट्यांचे बाजे शेजारी शेजारी होतो, त्यामुळे एकमेकांचे स्वभाव कळले. जी आमच्यातला सगळ्यात जाड आवाजाचा. त्याच्या पात्या लांब. फुंकर बसल्यावर जागं व्हायला त्याला क्षणभर लागतो. घाई केली तर नुसता फुसफुसतो. एफ त्याच्या अगदी उलट. हात लागला की ओरडलाच. त्याला वारा फार कमी लागतो, पण ऐकणाऱ्याच्या कानाला तो टोचतो. ए गोल आवाजाचा, पोटातून बोलणारा. डी टणटणीत, आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक. मी मधला. ना जाड, ना टोचरा.

त्या दुकानात बाज्याला तोंड लावायची परवानगी नव्हती. गिऱ्हाईक आलं की दुकानदार हाताने दाबायचा एक छोटा भाता काढायचे, त्यावर बाजा बसवायचे आणि एकेक भोक वाजवून दाखवायचे. भात्यावर आम्ही सगळेच झकास वाजतो. भात्याला दम लागत नाही, पोटात गोळा येत नाही, मध्येच हसू फुटत नाही. म्हणून भात्यावर ऐकून घेतलेला बाजा घरी गेल्यावर कसा वाजेल, हे देवालाच ठाऊक.

एके दिवशी एक विशीतला तरुण आला. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे तो कामाला होता. नखांत तेलाचा काळा रंग होता.

‘‘शिकायचंय?’’ दुकानदारांनी विचारलं.

‘‘ताई गाते. तिच्या मागे वाजवायचंय.’’

‘‘वा. ताईची पट्टी कोणती?’’

‘‘पट्टी म्हणजे?’’

दुकानदार हसले. ‘‘मग सी घेऊन जा. पट्टी ठाऊक नसलेले सगळे सीच नेतात.’’

त्याने तीन सी भात्यावर ऐकले. पण बाकीच्यांसारखं जोरात नाही. ‘‘काका, अगदी हळू दाबा,’’ तो म्हणाला. भाता इतका हळू दबला की पहिले दोघं गप्पच राहिले. मी मात्र बोललो. सातव्या भोकातून, फुंकायच्या आधीच म्हणा ना. त्याने मला खिशात टाकलं.

घरी आल्या आल्या ताईने मला उचलून अक्षर वाचलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘अरे वेड्या, मी डीत गाते. हा सीचा आहे! ह्याच्यावर वाजवणार तू, आणि मी काय विहिरीत उतरून गाऊ?’’

तरी तो शिकला माझ्यावरच. फुंकून फुंकून गाल दुखेपर्यंत. घरात त्याचं नाव फुंक्या पडलं ते माझ्यामुळे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हात बसल्यावर त्याने डी आणला, मागोमाग ए, जी आणि एफही आले. ताईची गाणी जवळजवळ सगळी डीत. मी टेबलाच्या खणात गेलो.

खणात काय असतं? एक संपलेलं पेन, दोऱ्याची रिळं आणि अंधार. बाहेरच्या खोलीत तालीम चालायची. ताईचे यजमान गिटार वाजवायचे, फुंक्या डी वाजवायचा, आणि ताई गायची. दिवसभर ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात उभी असायची, वाफेच्या इस्त्रीसमोर. सुटीच्या दिवशी मात्र लग्नाच्या पार्ट्या, वाढदिवस, कुणाचा निरोप समारंभ. गाणं हेच तिचं खरं जगणं होतं. इस्त्रीवर हात असायचा तेव्हाही ओठ हलत असायचे.

तिचं एक खास गाणं होतं, नदी ओलांडून जाणाऱ्या पोरीचं. शेवटच्या कडव्यात सूर असा वर चढायचा की चमचे वाजवणारे लोक चमचे खाली ठेवायचे. खणात माझ्या पात्यासुद्धा थरथरायच्या. डीचे सूर, माझे नव्हेत, पण थरथरायच्या.

ताईची जीभ मात्र तिखट. आणखी एक बाई पार्ट्यांमधून गायच्या. वय वाढलं तशी त्यांनी सगळी गाणी दोन पायऱ्या खाली आणली होती. ताईने त्यांचं नाव ‘उतरती बाई’ ठेवलं होतं. ‘‘पट्टी उतरवायची म्हणजे काय? लुगडं नेसता येईना म्हणून टॉवेल गुंडाळायचा!’’ ती म्हणायची, आणि दोघं मेहुणे पोट धरून हसायचे. पुढे त्यांना ह्या हसण्याचं फार ओझं झालं.

वर्षं गेली. ताई पन्नाशीला आली. वाफ घशात बसली की वयच होतं ते, मला सांगता यायचं नाही. पण तालमीत नदीच्या गाण्याचा तो वरचा सूर आता तिला मिळेना. कधी पोचायचा, कधी मध्येच चिरकायचा. एका लग्नात तो सगळ्यांसमोर फुटला. कुणी हसलं नाही. सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले.

त्या दिवसापासून ताईचं गुणगुणणं बंद. तालीम बंद. ‘‘झालं माझं गाणं,’’ ती म्हणाली. ‘‘लोकांनी माना खाली घालाव्यात अशी वेळ पुन्हा येईपर्यंत मी थांबणार नाही.’’

‘‘अगं, जरा खालच्या पट्टीत...’’ यजमानांनी सुरुवात केली.

‘‘पुढचा शब्द बोलाल तर ती गिटार चुलीत जाईल.’’

दुसऱ्या दिवशी ताई कामाला गेल्यावर खण उघडला. उजेड! फुंक्याने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, आणि टेबलावर डीच्या शेजारी ठेवलं. समोर भावोजी गिटार मांडीवर घेऊन बसलेले.

‘‘भावोजी, तिला कळलं तर?’’

‘‘कसं कळेल? मी सगळ्या तारा एक स्वर सैल करतो. बोटं डीचीच धरणार, वाजणार मात्र सी. ती माझ्या बोटांकडे बघते, तारांकडे नाही.’’

‘‘आणि बाज्यावर अक्षर आहे त्याचं काय? ती उचलून बघते.’’

फुंक्याने खिशातून मशीन दुरुस्तीचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला.

पुढे काय झालं ते मला अजूनही नीट सांगवत नाही. त्याने माझे स्क्रू काढले आणि माझी झाकणं उचलली. मी उघडा, माझ्या पात्या उघड्या. मग डीची झाकणं काढली. दोघंही एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे. डीची झाकणं माझ्या अंगावर चपखल बसली. माझी त्याच्या. मग त्याला खणात टाकलं आणि खण बंद केला. आतून तो ओरडत असणार, ‘‘अरे, मी डी आहे!’’ पण फुंकल्याशिवाय आमचं ओरडणं कुणाला ऐकू येत नाही.

संध्याकाळी फुंक्याने गळ घातली. ‘‘ताई, एकदाच. घरातल्या घरात. नाही जमलं तर मी बाजा नदीत फेकतो.’’

ताईने मला हातात घेतलं, अक्षर पाहिलं, हुं केलं. मी वाजलो, गिटार वाजली, ताई गायला लागली. शेवटच्या कडव्याला फुंक्याचा श्वास माझ्यात अडकला. आणि ताई चढली, पोचली आणि तिथे टिकलीही. गाणं संपल्यावर ती गळ्याला हात लावून बसली. ‘‘आला की रे,’’ ती म्हणाली. ‘‘परत आला.’’

भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. इतकी वर्षं खणात काढल्यावर मी गर्दीत वाजत होतो, लोक टाळ्या वाजवत होते. पण प्रत्येक कार्यक्रमाआधी ताई मला उचलून ते अक्षर बघायची, अंगठ्याने पुसायची, आणि म्हणायची, ‘‘चल रे माझ्या डी.’’ तेव्हा आत काहीतरी वळवळायचं. ती मला दुसऱ्याच्या नावाने लाडाने हाक मारत होती. मी रात्रंदिवस स्वतःशीच सूर लावून बघायचो: मी सी, मी सी, मी सी.

ताईने गळा परत येण्याचं कारणही शोधून काढलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. ती भेटेल त्याला गुळण्या सांगू लागली. इस्त्रीच्या गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, डोकं दुखणाऱ्यांना. एका पार्टीत उतरती बाई भेटल्या तेव्हा त्यांनाही. ‘‘गुळण्या करा हो. पट्टी उतरवायची काही गरज नाही. माझ्याकडे बघा, अजून डीतच!’’ त्या बाई बिचाऱ्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘करून बघते.’’ फुंक्याचा हात माझ्यावर घामाने निसटला.

असंच चाललं असतं. पण ताईच्या दुकानाचे मालक निवृत्त झाले आणि त्यांच्या घरी समारंभ ठरला. ताईच गाणार, हे ओघानेच आलं. आम्ही पोचलो तर मोठ्या खोलीत एक काळा पियानो. मालकीणबाई त्याच्यासमोर बसून हसत म्हणाल्या, ‘‘आज मी साथ करणार हं. नदीचं गाणं मी ऐकून ऐकून बसवलंय. पट्टी कुठली?’’

‘‘डी,’’ ताई म्हणाली. ‘‘आमचं सगळं डीतच असतं.’’

मी फुंक्याच्या हातात होतो. त्याने मला घाईने पाठीमागे लपवलं.

गिटारच्या तारा सैल करता येतात, बाज्याची झाकणं बदलता येतात. पियानोचं काय करणार? तो खोलीभर ऐसपैस बसलेला.

‘‘मी काय म्हणतो,’’ भावोजी पुटपुटले, ‘‘पियानोनं आवाज दबेल तुझा.’’

‘‘माझा आवाज? पियानोनं?’’

‘‘ताई, बाज्यात थुंकी अडकलीय,’’ फुंक्या म्हणाला.

‘‘मग झटक आणि वाजव. लहान आहेस का?’’

भावोजी हळूच पियानोकडे निघाले. त्यांना मालकीणबाईंच्या कानात सांगायचं होतं की एक स्वर खाली वाजवा. ताईने तिथूनच टोकलं, ‘‘अहो, कुठे निघालात? उभे राहा जागेवर. लोक थांबलेत.’’ भावोजी परत आले. लोक खुर्च्यांवर बसले. मालकांनी चष्मा पुसला. गाण्याची सुरुवात माझी असते, एकट्याची. ताईने मान डोलावली.

फुंक्याने मला ओठाला लावलं. मला वाटलं, निदान आता तरी ह्यानं फुंकू नये. पण त्याने फुंकलं, आणि मी जो आहे तोच वाजलो. आम्हाला दुसरं काही येतच नाही.

दुसऱ्या ओळीवर पियानो आला. अरे देवा! दोन गाड्या एकमेकींवर घासाव्यात तसा आवाज झाला. एका पोराने कानात बोटं घातली. सगळे थांबले.

‘‘मालकीणबाई,’’ ताई नम्रपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘तुमचा पियानो उतरलेला दिसतोय. बघून घ्या एकदा.’’

‘‘नाही हो. नुकताच लावून घेतलाय.’’

‘‘मग चुकीचा लावलाय.’’ तिने मला फुंक्याच्या हातातून घेतलं आणि उंच धरलं. ‘‘हे बघा. हे अक्षर कारखान्यातून ठोकून आलेलं आहे. हे खोटं बोलायचं नाही.’’

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला सगळ्यांत जास्त ओरडावंसं वाटलं ते तेव्हा, आणि मी तिच्या हातात गार पडून होतो.

मालकीणबाई पियानोकडे वळल्या. त्यांनी फुंक्याला एक सूर वाजवायला सांगितलं. ताईने मला त्याच्याकडे दिलं, त्याने खाली मान घालून वाजवला. मालकीणबाईंनी पियानोची एक पांढरी पट्टी दाबली. जमलं नाही. तिच्या डावीकडची पांढरी दाबली. पियानो आणि मी एक झालो. कुणाचा सूर कुठला, ओळखू येईना.

‘‘हा सी आहे, बाई,’’ त्या हलकेच म्हणाल्या.

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग नवऱ्याकडे. भावोजींनी गिटार पोटाशी धरली. त्यांनी गिटारच्या खुंट्या एकेक करून पिळायला घेतल्या. तारा कुंईकुंई करत वर चढू लागल्या. त्या आवाजात सगळं आलं.

‘‘डीतच वाजवा,’’ ताई मालकीणबाईंना म्हणाली. ‘‘ह्या दोघांना राहू द्या.’’

ती पियानोबरोबर एकटी गायली. शेवटच्या कडव्याला सूर चिरकला, आणि तिने तो तसाच फुटका, शेवटपर्यंत धरून ठेवला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फार प्रेमाने वाजवल्या. ताईने हात जोडले, चपला घातल्या आणि ती निघून गेली.

मग घर गप्प झालं. मी फुंक्याच्या शर्टाच्या खिशात असल्यामुळे त्याच्याबरोबर रोज मशीनच्या दुकानात जायचो. तिथे एकदा भावोजी आले.

‘‘काय म्हणते?’’ फुंक्याने विचारलं.

‘‘‘मीठ द्या’ म्हणते. त्यापलीकडे काही नाही. परवा मी विचारलं, रागावलीस का? तर म्हणाली, तुमची बोटं डीची आहेत, मनातलं मला काय कळणार!’’

‘‘गुणगुणते तरी का?’’

भावोजींनी नुसती मान हलवली. दोघांचाही चेहरा असा, की जणू कुणाला तरी पुरून आले आहेत. गाणं राहावं म्हणून केलेला उद्योग, आणि गाणंच गेलं. आता काय करावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मला सुचत होतं, पण मला कोण विचारतो?

एका दुपारी ताई स्वतः दुकानात आली. हातात बाज्यांची पेटी. खणातला तो बिचारा डीसुद्धा त्यात होता, माझी झाकणं घालून. तिने पेटी उघड्या पडलेल्या मशीनशेजारी आदळली.

‘‘मी उतरत्या बाईला काय काय बोलले, ते तुम्ही दोघं गालातल्या गालात हसत ऐकत होतात ना?’’

‘‘हसत नव्हतो गं. घाबरत होतो.’’

‘‘मला गुळण्या सांगत फिरू दिलंत गावभर! मी काय लहान मूल आहे, साखरेत औषध कालवून द्यायला?’’

‘‘तू गाणं सोडलं होतंस, ताई.’’

‘‘सोडलं होतं तर माझं मी सोडलं होतं. तुम्ही मला परत दिलंत ते माझं नव्हतंच.’’ ती जरा वेळ मशीनचं चाक उगाच फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘‘सांगून बघायचं होतंस.’’

‘‘भावोजींनी सांगितलं होतं. गिटार चुलीत जाणार होती.’’

ताईच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू नव्हतं ते, पण त्या वाटेवरचं काहीतरी होतं. ‘‘गेलीच पाहिजे होती,’’ ती म्हणाली. मग स्टूल ओढून बसली आणि तिने डोळे मिटले. ‘‘आता मी डोळे उघडणार नाही. हातात येईल तो बाजा लाव. नाव सांगू नकोस. मी शेवटचं कडवं म्हणते.’’

फुंक्याने हात पुसले. पहिला एफ आला. ताईने अर्ध्या ओळीत हात वर केला. ‘‘हा पोरीबाळींचा. पुढे.’’ मग खरा डी. ताई वर गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि ती स्वतःच थांबली. ‘‘हा मला ओळखू आला,’’ ती डोळे मिटूनच म्हणाली. ‘‘पुष्कळ दिवस बरोबर होता.’’ डी गप्प राहिला. त्याचा टणटणीतपणा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. मग जी. त्याचा सूर लागेपर्यंत ताई पुढे निघून गेली होती, आणि पहिल्या ओळीचे खालचे शब्द तिच्या छातीतच राहिले. ‘‘हा फार खोल. इथे मी नुसती बोलतेय.’’

मग मी.

मी जीव तोडून वाजलो. सातव्या भोकातली पातीसुद्धा वेळेवर बोलली. ताई चढली, सूर मिळाला, छान मिळाला. पण ती थांबून म्हणाली, ‘‘बरा आहे. पण मान ताणावी लागतेय. इतके दिवस कळलं नाही, कारण डी म्हणून गात होते ना. ताण पडणारच असं धरून चालले होते.’’

आणि फुंक्याने मला खाली ठेवलं.

शेवटी ए. गोल, पोटातला आवाज. ताईने पहिली ओळ हळू घेतली, दुसरी जरा मोकळी. मग ती वर गेली तेव्हा मान ताणली नाही, कपाळाला आठी पडली नाही. सूर लागला आणि उघडत गेला. तो डीतला वीज चमकावी तसा सूर नव्हता. दिवा लावून कुणीतरी खिडकीत ठेवावा, तसा होता. मागे फुंक्याचे मालक मशीन थांबवून उभे राहिले होते. त्यांच्या हातातून सुई खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

ताईने डोळे उघडले. ‘‘कुठला?’’

‘‘ए.’’

‘‘म्हणजे डीपासून किती खाली?’’

‘‘बरंच.’’

‘‘बरंच म्हणजे? नीट सांग. आता पुन्हा लपवाछपवी नको.’’

‘‘सीच्याही खाली दोन पायऱ्या. उतरत्या बाईंच्याही खाली.’’

ताईने पदराने डोळे पुसले आणि ती तशीच हसायला लागली. ‘‘मेले मी! तिला घरी बोलवायला हवं रे एकदा. माफी मागावी लागेल, आणि ती मला गुळण्या सांगेल.’’

‘‘आणि मालकीणबाई?’’

‘‘त्यांच्याकडे आधी. पियानो उतरलाय म्हणाले मी त्यांच्या घरात उभी राहून!’’ ती उठली आणि दारातून वळून म्हणाली, ‘‘आणि ह्या दोघांची झाकणं बदल बघू आधी. ज्याचं नाव त्याला दे.’’

तिथेच, मशीनच्या तेलाच्या वासात, माझी झाकणं मला परत मिळाली. चार स्क्रू आवळले गेले आणि मी पुन्हा सी झालो. किती वाट पाहिली होती ह्या क्षणाची! आणि त्याच क्षणी मला कळलं की मी रिकामा झालो. खोट्या नावाने होतो तेव्हा रोज वाजत होतो. खरं नाव मिळालं, आणि काम गेलं.

ताई आता ए घेऊन गाते. तिने आणि उतरत्या बाईंनी मिळून एक कार्यक्रमही केला म्हणे, आणि स्टेजवर एकमेकींना टोमणे मारत लोकांना खूप हसवलं. फुंक्याने मला दुकानात खिडकीपाशी एका खिळ्यावर दोऱ्याने टांगलंय. ‘‘कुणाला जमला तर देऊन टाकू,’’ तो म्हणतो. खण नाही, उजेड आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वारा आला की मी गिरक्या घेतो, आणि आत वीसच्या वीस पात्या उठून बसतात.

दुकानात माणसं मशीन घेऊन येतात. थांबताना गुणगुणतात, आपण गुणगुणतोय हे त्यांना ठाऊकही नसतं. मी ऐकत असतो. चष्मेवाले शिंपी येतात, ते एफमध्ये नाकात गातात. शाळेच्या गणवेशाची शिलाई करणाऱ्या एक काकू जीच्याही खाली बडबडतात. परवा एक माणूस अगदी सीला आला होता, माझ्या सगळ्या पात्या ताठ झाल्या, आणि त्याला फोन आला.

तेव्हा माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. बाजा घ्यायला जाल तेव्हा आधी गाऊन बघा आणि मग अक्षर वाचा. भात्यावर विसंबू नका. आपला गळा कुठे बसतो, ते दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. अगदी प्रेमाने ठरवत असले तरी. आणि तुमचं शिलाई मशीन कधी अडलं, तर इथे घेऊन या. येताना गप्प येऊ नका. दारातून आत येईपर्यंत काहीतरी गुणगुणत राहा, जरा मोठ्याने. बाकीचं मी बघतो.